क्लोरॅम्फेनिकॉल वाचताना

क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक जुनं म्हणून घाईघाईत उरकू नकोस. १९४७ मध्ये ते स्ट्रेप्टोमायसिस व्हेनेझुएली या जिवाणूपासून मिळालं. आता गोळी किंवा इंजेक्शन क्वचितच देतात, डोळ्यांच्या थेंबांत मात्र टिकून आहे.

ते जिवाणूच्या रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, ५०एस या मोठ्या भागाला चिकटतं आणि पेप्टिडिल ट्रान्सफरेजचं, म्हणजे अमिनो आम्लं साखळीत जोडण्याचं, काम अडवतं. प्रथिनाची साखळी तिथेच खुंटते. आता गंमत बघ, आपल्या मायटोकॉन्ड्रियातले (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांतले) रायबोसोमही जिवाणूंच्या वळणाचे, म्हणून रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा मार खाते. हा परिणाम डोसबरोबर वाढतो आणि औषध थांबवलं की बहुधा भरून येतो. अप्लास्टिक ॲनिमिया, म्हणजे अस्थिमज्जेने रक्तपेशी बनवणंच सोडणं, निराळा: दुर्मीळ, डोसशी देणंघेणं नाही, कधी औषध बंद झाल्यावर आठवड्यांनी डोकं वर काढतो, आणि जिवावर बेततो. दोन्ही एकात कालवलंस तर तोंडी परीक्षेत सापडशील. मी सापडलो होतो.

नवजात बाळाच्या यकृतात औषधाला ग्लुक्युरोनाइड जोडून ते बाहेर टाकण्याजोगं करणारं एन्झाइम अपुरं पडतं. औषध साचत जातं. पोट फुगतं, अंग थंड पडतं, कातडी राखाडी दिसते, रक्तदाब कोसळतो. ग्रे बेबी सिंड्रोम तो हाच.

आणि हो, मेंदूभोवतीच्या द्रवात ते छान उतरतं. मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या) रुग्णाला पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी असली की अजूनही त्याची आठवण निघते.