वाकळ, वाख आणि ‘मिश्र माध्यम’

मिरजेच्या एका वाचकांनी प्रश्न विचारलाय, तो थोडक्यात असा. ते आणि त्यांचे चार मित्र मिळून कापड, दोरा, सुंभ, तारा, जुने कागद असल्या सामानातून केलेल्या कामांचं छोटं प्रदर्शन भरवतायत. चित्रांखालच्या पट्ट्या मराठीतच पाहिजेत हा ह्यांचा हट्ट. ‘टेक्स्टाइल अँड मिक्स्ड मीडिया’चं (म्हणजे कापडाचं काम, आणि एकाच कामात तऱ्हेतऱ्हेचं सामान वापरणं) त्यांनी ‘वस्त्रकला व मिश्र माध्यम’ केलं आणि आईला वाचून दाखवलं, तर आई म्हणाली, साड्यांचा सेल हाय का रं? तर काय लिहावं, आणि क्विल्टला गोधडी म्हणावं का वाकळ, असे दोन प्रश्न.

आईंचं काही चुकलेलं नाही. ‘वस्त्र’ हा शब्द आपण रोजच्या बोलण्यात वापरतो कुठं? वस्त्र देवाला. गौरी-गणपतीत कापसाची हळदकुंकू लावलेली माळ करतात ते वस्त्र. नाहीतर मग लग्नपत्रिकेत आणि साडीच्या दुकानाच्या पाटीवर. अंगावर घालतो ते कपडे, गजावर मोजून घेतो ते कापड, आणि विरलं की फडकं. तुमच्या मित्राने जुन्या पांघरुणावर काळी शाई ओतून वर लोखंडी तार टाचलीय त्याला वस्त्रकला म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढं पैठणीच येणार, दुसरं काय येणार.

‘मिश्र माध्यम’चं तर विचारूच नका. मी स्वतः हे करून बसलोय. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाचं माहितीपत्रक मराठीत करून दिलं होतं, त्यात प्रत्येक कामाखाली ‘मिश्र माध्यम’, ‘मिश्र माध्यम’ असं ठोकून दिलं, आणि उद्घाटनाला आलेले एक निवृत्त मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, ही सगळी पोरं सेमी इंग्लिशची आहेत का? आता हसू येतं पण तेव्हा कानशिलं तापली होती. माध्यम म्हणजे आपल्याकडं एकतर शाळेचं नाहीतर बातम्यांचं. चित्रकलेची परीक्षा दिलेल्या पोरांना जलरंग हे माध्यम असतं हे माहीत असतं, बाकीच्यांना नाही, आणि प्रदर्शन बाकीच्यांनीही बघावं असंच वाटतं ना तुम्हाला.

माझं म्हणणं असं, की हे दोन शब्द भाषांतरच करू नका. पट्टीवर सामान लिहा. जे आहे ते. रॉबर्ट राउशनबर्ग नावाचा अमेरिकन चित्रकार होता, त्याचं १९५५ सालचं ‘बेड’ नावाचं काम न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. खरंच अंथरूण आहे ते, उशी, चादर आणि ठिगळांची क्विल्ट, सगळं लाकडाच्या चौकटीवर उभं लावलंय आणि वरच्या भागात रंग ओतलाय, ओघळ खाली आलेत. कॅनव्हास विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून स्वतःचंच अंथरूण ताणलं असं सांगतात. तर त्याच्या पट्टीवर मिक्स्ड मीडिया असं मोघम लिहिलेलं नाही, तेलरंग आणि पेन्सिल, उशी, क्विल्ट व चादरीवर, लाकडी आधार, असं साफ लिहिलंय. त्यानं असल्या कामांना ‘कंबाइन’ असं वेगळंच नाव दिलं होतं हे खरं, पण पट्टीवर सामानच आहे. आणि सामानाची नावं म्हटली की मराठी ही कुबेर आहे हो. इंग्रजीत ‘रॅग’ म्हणून मोकळे होतात त्याला आपल्याकडं किती शब्द बघा आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा. लुगडं मधे विरलं की दोन्ही टोकं जोडून दंड घालायचा, तेही फाटलं की त्यातला चांगला तुकडा म्हणजे धडपं, ते अजून नेसता-गुंडाळता येतं. मग फडकं, त्याला अजून काम आहे, पुसायचं, झाकायचं. चिरगूट झालं की बाळाच्या खाली. धांदोटी म्हणजे लांब फाडलेली पट्टी, चिंधी बोटाला बांधायची. आणि लक्तरं. लक्तरांना काहीच काम उरलेलं नसतं, ती फक्त वेशीवर टांगायची असतात, आणि तुमच्यातला एकजण फाटके कपडे छताला टांगून करतोय म्हणालात, त्याला शीर्षक शोधायला लांब जायला नको असं सुचवून ठेवतो.

आता वाकळ का गोधडी.

इंग्रजी-मराठी डिक्शनरी उघडली की क्विल्टला रजई म्हणते. रजई किंवा दुलई म्हणजे नव्या कापडात पिंजलेला कापूस भरून वर टाके घातलेले, तो वेगळा प्रकार, विकत आणायचा. वाकळ विकत मिळत नाही, निदान पूर्वी मिळत नव्हती, ती घरात साठत जाते. सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या आमच्या पट्ट्यात शब्द वाकळच. गोधडी म्हटलेलं कळतं पण पुण्याहून आलेल्या पाहुण्यानं म्हटल्यासारखं वाटतं. जतकडं, मिरजेच्या पूर्वेकडच्या गावांत कानडी बोलणारी घरं आहेत तिथं कौदी. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका असंच जुन्या कापडांचं पांघरूण करतात त्याला कवंदी म्हणतात, त्या काठापासून शिवत शिवत मधे येतात आणि चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात, कोपऱ्याला फुल नसेल तर कवंदी नागडी दिसते म्हणे. ह्या कवंद्या आता परदेशातल्या प्रदर्शनांतही मांडल्या गेल्यात. तुमच्या प्रदर्शनाला मिरजेचा माणूस येणार असेल तर वाकळ लिहा की बिनधास्त. गोधडी चूक नाही, पण जी जीभ आपली आहे ती लपवायची कशाला.

वाकळ आतून कशी असते हे मी नीट बघितलं ते २०१९ च्या पुरात. माझं बालपण विट्याचं, आता बरीच वर्षं सांगलीत, तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर घरात आलो तर आज्जीनं शिवलेली वाकळ कपाटाच्या खालच्या कप्प्यात चिखलाचा गोळा होऊन बसलेली. भिजलेली वाकळ काय जड असते ते ज्यानं पिळलीय त्यालाच माहीत, दोघांनी दोन टोकं धरून पीळ घातला तरी अर्धं पाणी आतच. चार वेळा धुतली, वास जाईना, गाळ आतल्या थरात जाऊन बसलेला. शेवटी बायको म्हणाली उसवूया. एक रविवार गेला उसवण्यात. वरचा थर हिरवं इरकली लुगडं, त्याखाली आज्जीचंच आधीचं लुगडं, काठ वेगळा, ते मी कधीच बघितलेलं नव्हतं. त्याखाली धोतर, दोन पोत्याचे तुकडे, आणि सगळ्यात मधे आजोबांचा मांजरपाटाचा शर्ट उभा फाडून सपाट केलेला, त्याचा खिसा तसाच, खिशाची गुंडी लावलेली. धावदोरा त्या खिशावरून सरळ गेलेला. वरून बघताना तिथं हाताला थोडं जाड लागायचं, आम्ही पोरं म्हणायचो इथं आज्जीनं पैसे लपवलेत. गुंडी काढून बघितलं, आत नुसता गाळ होता.

तर सांगायचा मुद्दा, वाकळ हे नाव कापडाचं नाही, ते पद्धतीचं नाव आहे. विरलेलं, म्हणजे फाटलेलं नव्हे, धुवून धुवून विरलेलं कापड थरावर थर ठेवून धावदोऱ्यानं एक करायचं. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं कृष्णवर्णीय लोकांचं गाव आहे, तिथल्या बायकांनी शेतातल्या कामाच्या कपड्यांच्या, गुडघ्याला विरलेल्या पँटींच्या अशाच क्विल्ट केल्या, २००२ मध्ये त्या ह्यूस्टन आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या तेव्हा समीक्षक लोक चाट पडले. त्याला मराठीत रजई म्हणाल? मी वाकळच म्हणीन. फेथ रिंगगोल्ड ह्या अमेरिकन चित्रकार बाईंच्या कामांचं मात्र वेगळं आहे, त्या कॅनव्हासवर चित्र रंगवायच्या, कापडी तुकड्यांचा काठ लावायच्या आणि त्यातच मजकूर लिहायच्या. १९८८ चं ‘टार बीच’ हे त्यातलं गाजलेलं, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या घराच्या गच्चीवर रात्री मंडळी बसलीत आणि पोरगी आकाशात उडतीय. त्याला इंग्रजीत ‘स्टोरी क्विल्ट’ म्हणतात, इथं मी स्वतःच्याच नियमाविरुद्ध जाऊन ‘गोष्टीची गोधडी’ म्हणीन, कारण ‘गोष्टीची वाकळ’ म्हटलं की गोष्ट जुनीपानी वाटते, आणि शिवाय ग-ला-ग जुळतो.

वाकळ शब्द आला कुठून? वल्कलावरून. रामानं वनवासाला जाताना नेसली ती वल्कलं. चक्राचं चाक झालं, कर्माचं काम झालं, तसं वल्कचं वाक, आणि शेवटच्या ल चा फळ-कमळासारखा ळ. झाडाच्या सालीचं वस्त्र ते ठिगळांचं पांघरूण एवढा प्रवास. पण मला ह्यात खरी मजा वाटते ती तिच्या भावाची. वाक किंवा वाख म्हणजे अंबाडीच्या, घायपाताच्या सालीतून-पानातून काढलेला धागा. माण-खटावकडं बांधाबांधावर घायपात असायचं, पानं पाण्यात कुजवून, बडवून वाख काढायचा, मातंग समाजातली कसबी माणसं त्याचे दोर वळायची, बेंदराला बैलाला नवा कासरा नवी म्होरकी त्यांच्याकडूनच यायची. म्हणजे वाकळ आणि वाख दोन्ही त्या एकाच सालीचे. पांघरूणवाली एक आणि दोरवाला एक.

आणि इथंच तुमच्या यादीतलं ते सुंभाचं काम येतं, ज्याच्यापुढं तुम्ही ‘ज्यूट/हेम्प – मराठी?’ असं लिहून प्रश्नचिन्ह टाकलंय. मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) ह्या शिल्पकार, बडोद्याला शिकल्या, त्यांनी दोरखंडाच्या नुसत्या गाठी मारमारून माणसाएवढ्या आणि त्याहून मोठ्या आकृती उभ्या केल्या, ‘यक्षी’ १९८४ ची, ‘वनश्री’ १९९४ ची. आत दगड नाही, मूर्तीचा साचा नाही, दोरच स्वतःच्या वजनानं लोंबतो, वळतो आणि त्यातून देवीसारखं, फुलासारखं काहीतरी आपल्याकडं बघतंय असं वाटतं. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्यांच्या पट्ट्यांवर इंग्रजीत ‘हेम्प’ असतं. आता ह्याचं मराठी डिक्शनरीवर सोडलं तर ती भांगेच्या झाडापाशी नेऊन सोडते, आणि पट्टीवर ‘गांजाचा धागा’ आलं तर प्रदर्शनाला गर्दी होईल पण वेगळीच. ‘सण’ लिहावं तर ‘सणाचा धागा’ म्हणजे लोकांना राखी वाटणार. उरला ताग. त्यातही गोम अशी, की आपल्याकडं ऊस लावायच्या आधी हिरवळीच्या खतासाठी रानात पेरून गाडतात तोही ताग, आणि बंगालकडून येणाऱ्या पोत्यांचा ज्यूट तोही तागच, झाडं मात्र दोन वेगळी. म्हणून तुम्ही सुतळी वापरली असेल तर ‘सुतळी’ लिहा, सुंभ म्हणजे काथ्या, नारळाचा, तो असेल तर ‘काथ्या’, आणि कुणी खरंच घायपाताचा वापरला असेल तर ‘वाख’ लिहा, हा शब्द पट्टीवर छापलेला बघायला मी स्वतः एसटीनं येईन. पद्धत म्हणून ‘गाठी मारून’ एवढं पुरे.

‘विणकाम’ हा शब्द जपून वापरा. ‘विणकाम’ म्हटलं की मराठी माणसाला दोन सुया आणि स्वेटर दिसतो. विट्यात आमच्या गल्लीत दिवसरात्र मागाचा खडखडाट असायचा पण कुणी कधी ‘मी विणकाम करतो’ म्हणालेलं मला आठवत नाही, ‘माग चालवतो’ म्हणायचे. तर मागावरचं काम असेल तर ‘हातमागावर’ असं सरळ लिहा. मुंबईच्या वस्त्र-कलाकार मोनिका कोरिया मागावर विणता विणता मधेच फणी, म्हणजे उभे धागे सारख्या अंतरावर धरणारी कंगव्यासारखी पट्टी, काढून टाकतात, मग ताण्याचे म्हणजे उभे धागे मोकळे सुटून वाट्टेल तसे वाकतात, सरकतात, आणि त्यातूनच चित्र होतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या शेजारचे मागवाले काका आठवले. फणीचा एक दात वाकला तरी कापडावर उभी रेघ उठायची, व्यापारी ठाण परत पाठवायचा, आणि काका दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत.

आफ्रिकेतले शिल्पकार एल अनात्सुई करतात तसं, दारूच्या बाटल्यांची बुचं चेपून तांब्याच्या तारेनं जोडून भिंतभर पडद्यासारखं केलेलं काही तुमच्यात असेल तर त्याला कापड म्हणायचं का शिल्प ह्या वादात पडू नका, ‘बाटल्यांची बुचं, तांब्याची तार’.

प्रदर्शनाच्या वरच्या मोठ्या पाटीला मात्र एक नाव लागणारच, तिथं सामानाची यादी देता येत नाही हे मान्य. ‘तंतुकला’ हे लोक सुचवतील, मला ते तंतुवाद्यासारखं ऐकू येतं, आणि मिरजेत तर सतारी-तंबोरे करणाऱ्यांची आख्खी गल्ली आहे, लोक तंबोरे बघायला येतील. मी असतो तर ‘कापड, दोरा, वगैरे’ असं ठेवलं असतं, तो ‘वगैरे’ म्हणजेच तुमचं मिक्स्ड मीडिया.

आणि सात नंबरच्या ‘अनटायटल्ड’चं तुम्ही ‘शीर्षकहीन’ केलंय, ते बदला बुवा, मुंडकं उडवल्यासारखं वाटतंय. ‘नाव ठेवलेलं नाही’ असं लिहायचा मोह होईल, पण मग लोक नावं ठेवतील. नुसती रेघ मारा आणि खाली सामान लिहा.