खार तीच, लेन्स नवी

मागच्या वेळी टेलिफोटो (लांबचं जवळ दाखवणाऱ्या) लेन्सबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या काय, आणि प्रश्नांचा पाऊसच पडला. बरेचसे सारखेच होते, त्यातले पाच घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण निम्म्या लोकांचं दुखणं तेच आहे.

प्रश्न: ताई, मी नुकतीच १५०-६०० मिमीची लेन्स घेतली, कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) आहे. मागच्या अंगणात खारी, चिमण्या, कावळे आणि एक ठरलेला सरडा, एवढीच मंडळी. आता खार फ्रेमभर येते पण शार्प एकही नाही, शंभरात दोन-तीन बरे म्हणायचे. लेन्सच खराब निघाली का? परत करायची मुदत चार दिवसांत संपतेय.

उत्तर: चार दिवस खूप झाले, अर्ध्या तासाचं काम आहे. वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवा, पाचेक मीटरवर ट्रायपॉड लावा, ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा टेबलावर उशीवर घट्ट बसवा, स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, २ सेकंदांचा टायमर, आणि ६०० ला फोटो काढा. बारीक अक्षरं स्वच्छ आली तर लेन्सला नावं ठेवायची नाहीत. कॅमेरा डीएसएलआर (आत आरसा असलेला) असेल तर एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) फोकस करून काढा आणि एक मागच्या स्क्रीनवरून. स्क्रीनचा शार्प आणि दुसरा मऊ, म्हणजे अस्पष्ट, आला तर लेन्स आणि बॉडीचं आपसात जमत नाहीये, ते फाइन ट्यूनिंगने (फोकस किंचित पुढेमागे सरकवायच्या सेटिंगने) सुटतं. दोन्ही मऊ आले तर मात्र खुशाल परत करा. आणि हो, लेन्सवर स्वस्तातला यूव्ही फिल्टर (पुढे लावायची काच) चढवला असेल तर तो आधी काढा, एवढ्या झूमला तो फोटो मऊ करू शकतो.

पण माझा अंदाज वेगळाच आहे. तुम्ही शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) लिहिलेला नाही, आणि जो लिहीत नाही त्याचा तो १/२५० सेकंदाच्या आसपास असतो असा माझा अनुभव. हातात धरून काढायचं तर जेवढे मिमी तेवढ्याच्या खाली जायचं नाही हा जुना हिशोब, ६०० ला १/६००, त्यात तुमचा क्रॉप सेन्सर म्हणजे दीडपट, झाले १/९००. म्हणजे १/१००० पासून सुरुवात. यावर लोक म्हणतात की लेन्समध्ये स्टॅबिलायझर आहे ना! आहे की, पण तो तुमचा हात सावरतो, खारीचं शेपूट नाही. ती दाणा कुरतडत बसली असली तरी जबडा आणि पंजे सारखे चालूच असतात. खारीला १/१२५०, उडणाऱ्या चिमणीला १/२५०० च्या पुढे, आणि तुमच्या सरड्याला मात्र स्टॅबिलायझर चालू ठेवून १/३२० सुद्धा चालेल कारण सकाळी उन्हात अंग शेकत तो दगडासारखा पडलेला असतो, म्हणून नवीन लेन्सवर हात बसवायचा तर सरड्यापासूनच सुरू करा. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, वाढली की फोटो दाणेदार होतो) १६००, ३२०० जाऊ दे, ऑटोवर टाका आणि विसरा. दाणेदार फोटो सॉफ्टवेअरमध्ये बराच सुधारतो, हललेला कुठेच सुधारत नाही.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. ६०० मिमी, एफ ६.३ (लेन्सचं भोक किती उघडं त्याचा आकडा) आणि खार ५ मीटरवर, तर जेवढं शार्प दिसतं त्याची जाडी जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर! माझ्या पहिल्या महिन्यातला एक फोटो अजून ठेवलाय, मिशीचा केस न् केस मोजून घ्या, हनुवटीला चिकटलेलं टरफलसुद्धा दिसतंय, आणि डोळा म्हणजे नुसता काळा धुरकट ठिपका. फोकस नाकावर बसला, डोळा मागे राहिला, संपलं. त्यामुळे एक तर खार आडवी वळेपर्यंत थांबायचं, म्हणजे डोळा आणि अंग एकाच अंतरावर येतात, नाहीतर ४०० वर यायचं, तिथे तीच जाडी चारेक सेंटिमीटर होते. तसंही ५ मीटरवर ६०० ला फ्रेमची रुंदी फक्त वीसेक सेंटिमीटर असते, शेपटीसकट खार त्यात कशी मावणार? नवीन लेन्स आली की सगळे शेवटच्या आकड्यावर जाऊन बसतात, मीही बसले होते. फोकसला एकच छोटा पॉइंट ठेवा, तो डोळ्यावर, आणि कॅमेऱ्यात प्राण्यांचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती चालू करा.

प्रश्न: खार अगदी दोन मीटरवर येते तेव्हा फोकस पुढेमागे घरघरत राहतो, पकडतच नाही. मोटर गेली का?

उत्तर: नाही हो. प्रत्येक लेन्सला एक किमान अंतर असतं, १५०-६०० च्या बऱ्याच लेन्सचं ते सव्वादोन ते पावणेतीन मीटर आहे, त्याच्या आत ती आंधळी. दोन पावलं मागे व्हा. तरीही नाही जमलं तर बाजूचा फोकस लिमिटरचा खटका बघा, तो लांबच्या रेंजवर राहिला असेल तर जवळचं काहीच पकडणार नाही.

प्रश्न: मी बाहेर गेले की सगळे पळतात, म्हणून खिडकीच्या काचेतून काढते. फोटो धुपट येतात.

उत्तर: आत राहायची कल्पना उत्तमच आहे. पण हूड (लेन्सच्या तोंडावरची नळी) काचेला जवळजवळ टेकवा, खोलीतला दिवा बंद करा आणि काचेतून सरळ बघा, तिरकं नाही. तिरकं धरलं की लांब लेन्सला काचेचा प्रत्येक दोष दिसायला लागतो. खिडकी उघडली की प्रश्न मिटला असंही नाही, आत-बाहेर तापमानात फरक असेल तर हवा उघड्या खिडकीतच लहरते आणि चित्र पाण्याखालचं वाटतं, तेव्हा उघडून थोडा वेळ जाऊ द्या. दुपारी तापलेल्या गच्चीवरून किंवा पत्र्यावरून काढलेले फोटो मऊ येतात तेही यामुळेच, तिथे ना शटर कामाला येतं ना ट्रायपॉड.

प्रश्न: कावळा कधी नुसता काळा गोळा येतो, कधी राखाडी. नेमकं काय करू?

उत्तर: कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम राखाडी करायचं असतं. कावळ्याने फ्रेम भरली की कॅमेरा म्हणतो, अंधार आहे, उजळवा, आणि कावळा राखाडी. तेव्हा एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) उणे अर्धा ते उणे एक. तोच कावळा तारेवर मोकळ्या आभाळासमोर बसला की आभाळ उजळ म्हणून कॅमेरा अंधार करतो, तिथे अधिक एक, कधी दीडसुद्धा. मला विचाराल तर आभाळासमोरचा काढूच नका. सकाळच्या तिरक्या उन्हात तो भिंतीवर बसू दे, मग पंखांवरची निळसर-जांभळी झाक येते आणि डोळ्यात उजेडाचा ठिपका. बसायच्या जागा ठरलेल्या असतात त्याच्या, दोन दिवस कॅमेऱ्याशिवाय नुसतं बघा, वेळसुद्धा कळेल.

प्रश्न: वेलीत बुलबुलाने घरटं केलंय. पिल्लं आहेत, पण दोन फांद्या मध्ये येतात. थोड्या छाटल्या तर चालेल?

उत्तर: अजिबात नाही, एक पानसुद्धा नाही. तुम्हाला जी पानं आड येतात ती कावळ्यालाही आड येतात, आणि दुपारचं ऊनही तीच अडवतात. फ्लॅश नको, फोनवर बुलबुलाचा आवाज लावून बोलावणंही नको. लांबूनच, एका ठरलेल्या जागेवरून, दहा मिनिटं बसा आणि उठा, लेन्स लांबची घेतलीये ती त्यासाठीच. आणि बुलबुल चोचीत अळी धरून शेजारच्या तारेवर नुसताच बसून राहिला, घरट्याकडे जाईना, तर पोज छान मिळाली म्हणून बटण दाबत राहू नका, तो तुमच्यामुळे थांबलाय.