रॉक गार्डनमध्ये लावलेलं सिम्बलेरिया (दगडांवर पसरणारं एक नाजूक फुलझाड) मागच्या दगडी भिंतीवर हातभर वर कसं उगवलं? बी तर खाली पडतं ना? आणि आता त्याला तण म्हणायचं का?

बी खाली पडतं हे बरोबर, पण या झाडाच्या बाबतीत ते पडायची वेळच सहसा येत नाही. झाड स्वतःच बी फटीत नेऊन ठेवतं.

तुम्ही लिहिलेली खूण, म्हणजे आयव्हीसारखी बारकी पानं, फिकट जांभळं फूल, खालच्या ओठावर दोन पिवळसर फुगवटे आणि मागे छोटी शेपटी, ही सिम्बलेरिया म्युरॅलिसचीच आहे. फूल उमललं की त्याचा देठ उजेडाकडे वळतो. मधमाशीला दिसायला हवं, तेव्हा ते भिंतीपासून बाहेर डोकावतं. एकदा परागण झालं की त्याच देठाची मती फिरते. तो उजेडाकडे पाठ करतो, लांबत जातो आणि अंधारी भेग सापडेपर्यंत बोंड पुढे ढकलत राहतो. बोंड तिथेच फुटतं. मला हे आधी खरंच वाटत नव्हतं, म्हणून एक कुंडी भिंतीला टेकवून ठेवली आणि रोज सकाळी पाहू लागलो. फुलं सगळी माझ्याकडे तोंड करून, आणि बोंडं एकजात भिंतीकडे! फट वरच्या बाजूला असेल तर बी वर जातं. शिवाय लोंबत्या फांद्यांना पेरापेराशी मुळं फुटतात. तुमच्याकडचा हातभराचा प्रवास असा, टप्प्याटप्प्याने झाला असणार.

मूळचं हे इटली आणि एड्रियाटिक किनाऱ्याच्या आसपासच्या कड्यांवरचं. बागेत लावायला म्हणून उत्तरेकडे नेलं आणि १७व्या शतकातच ते इंग्लंडमधल्या भिंतींवर स्थिरावलं. इटलीहून ऑक्सफर्डला आणलेल्या संगमरवरी पुतळ्यांच्या खोबणीत बसून बी आलं, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण माणसांनी ते हौसेने लावलं होतं हे जास्त साधं कारण. पुढे उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडपर्यंत पोचलं. जुन्या भिंतींचा चुना त्याला मानवतो, कारण चुनखडीचा कडा आणि चुन्यात बांधलेली भिंत यात त्याला फारसा फरक दिसत नसावा. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५३ मध्ये त्याला स्नॅपड्रॅगनच्या प्रजातीत बसवलं होतं, आणि फूल बोटांत धरून दाबलंत तर का ते कळेल: त्याच्यासारखंच तोंड उघडतं. सिम्बलेरिया हे नाव मात्र झांजेसाठीच्या शब्दावरून, पानाच्या गोलाईमुळे.

आता तण का, हा प्रश्न. बागेबाहेर एखाददुसरं रोप उगवलं म्हणजे झाड रुळलं असं नाही, ते पुढच्या हंगामात मरूनही जातं. कुणी पाणी न घालता, बी न टाकता पिढ्यान्‌पिढ्या आपलं आपण वाढू लागलं की ते रुळलं. आणि रुळून तिथल्या मूळच्या झाडांची जागा बळकावू लागलं तरच आक्रमक. सिम्बलेरिया बहुतेक ठिकाणी मधल्या पायरीवर थांबतं, कारण ज्या फटीत ते राहतं तिथे भांडायला दुसरं कुणी फारसं नसतं. याउलट रॉक गार्डनवाल्यांची दुसरी लाडकी, मेक्सिकोकडची एरिजेरॉन कार्विन्स्कियानस ही पांढरी-गुलाबी डेझी: न्यूझीलंडमध्ये तिची विक्री करायला आणि तिची रोपं तयार करून वाटायला बंदी आहे. तेव्हा ‘इवलंसं फूल आहे, काय करणार’ असं धरून चालू नका. तुमच्या भागातली आक्रमक वनस्पतींची यादी एकदा बघा.

भिंतीची काळजी असेल तर, याची मुळं बारीक असतात, पिंपळासारखी दगड फोडत नाहीत. फक्त चुना आधीच भुसभुशीत झाला असेल तर उपटताना तो सोबत निघतो, म्हणून ओढू नका, कात्रीने कापा. पसरू द्यायचं नसेल तर फुलं कोमेजायच्या आत कापा. देठ वळून बोंड फटीत शिरलं की तुम्ही हरलात. कापलेले तुकडे ओल्या मातीवर टाकू नका, तिथेच मुळं धरतात.

मी भिंतीवरचं ठेवलंय. दगडी कुंडीतल्या सॅक्सिफ्रेजच्या (हेही रॉक गार्डनमधलं एक ठेंगणं फुलझाड) गादीवर चढलं की मात्र लगेच कात्री लावतो.