गुप्तवार्ता विश्लेषणाची ऑनलाइन पदवी: 20 लाखांचं कर्ज काढावं का?

प्रश्न: मी 33 वर्षांची. पुण्यात खराडीला एका अमेरिकी बँकेच्या कार्यालयात संशयास्पद व्यवहार तपासण्याचं काम करते. वार्षिक पॅकेज 14 लाख, हातात दरमहा 96 हजार. मिस्टर कंत्राटी नोकरीत, त्यांचे 70 हजार. घराचा हप्ता 38 हजार, घरखर्च आणि मुलीची शाळा धरून 75 हजार, एसआयपी 20 हजार. म्युच्युअल फंडात 9 लाख आहेत, अडीअडचणीसाठी अडीच लाख. मुलगी 4 वर्षांची. वडील पोलिसांच्या विशेष शाखेतून निवृत्त झाले, त्यामुळे या विषयाची ओढ लहानपणापासूनची. एका अमेरिकी विद्यापीठाचा इंटेलिजन्स अ‍ॅनालिसिसचा ऑनलाइन मास्टर्स करायचा आहे: 12 विषय, प्रत्येकी 2,000 डॉलर, कालावधी 3 वर्षं. एक वित्तसंस्था 12 टक्क्यांनी 20 लाख द्यायला तयार आहे, फेड 7 वर्षांत. घेऊ का?

उत्तर: ताई, विषय उत्तम आहे. या किमतीला आणि या कर्जावर मात्र घेऊ नका.

आधी हिशेब. डॉलर 90 रुपये धरला तर फी 21 लाख 60 हजार. त्यावर प्रत्येक वेळी पैसे पाठवताना बँकेचा विनिमय दरातला फरक आणि पाठवणावळ. तीन वर्षांत रुपया 5 टक्क्यांनी जरी घसरला, तरी उरलेल्या विषयांची फी त्या प्रमाणात वाढणार, आणि पगार तर रुपयात. 20 लाखांवर 12 टक्क्यांनी 7 वर्षांचा हप्ता साधारण 35,300 रुपये होतो. एकूण व्याज साडेनऊ लाखांच्या वर. आज तुमच्याकडे सगळं भागवून महिन्याला 33 हजार उरतात, म्हणजे पहिल्याच हप्त्याला एसआयपीला कात्री. मिस्टरांचं कंत्राट थांबलं तर? एसआयपी थांबवली तरी तुमच्या एकटीच्या पगारात दरमहा 52 हजार कमी पडतील, आणि अडीच लाख पाच महिनेही पुरणार नाहीत.

हा हप्ता पगारवाढीतूनच सुटावा असं म्हटलं, तर कर वजा जाता वर्षाला सव्वाचार लाख जास्त हातात यायला हवेत. म्हणजे पॅकेज 14 वरून साडेएकोणीस लाखांच्या घरात. आणि ही वाढ पदवीमुळे झालेली हवी. तीन वर्षांत अनुभवाने जी वाढ तशीही मिळाली असती, ती यात मोजायची नाही. इथे बहुतेक लोक स्वतःला फसवतात.

आता ही वाढ येणार कुठून? अमेरिकी गुप्तचर संस्थांना अमेरिकी नागरिकच लागतात, त्यांची कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांतल्या सुरक्षा मंजुरीच्या (म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी लागणाऱ्या) जागांनाही तेच. त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकातल्या करिअरच्या पानावरचं निम्मंअधिक चित्र तुमच्यासाठी नाहीच. आपल्याकडे आयबीच्या सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, पण खुल्या गटाची वयोमर्यादा 27 आहे. रॉमध्ये बरीचशी माणसं पोलीस आणि इतर सेवांमधून प्रतिनियुक्तीवर जातात. शिवाय परदेशी पदवीला भारतात समकक्षता देताना वर्गात बसून केलेलं शिक्षण अपेक्षित असतं, त्यामुळे पुढे इथे पीएच.डी. किंवा प्राध्यापकी करायचा विचार असेल तर ऑनलाइन पदवीच्या भरवशावर राहू नका.

उरतं खासगी क्षेत्र: बँकांमधला आर्थिक गुन्हे विभाग, सायबर धोक्यांचं विश्लेषण, मोठ्या कंपन्यांचे सुरक्षा कक्ष. या नोकऱ्या खऱ्या आहेत आणि पुणे, मुंबई, बंगळुरूत आहेत. तुम्ही त्या दारात आधीच उभ्या आहात. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल लिहिणं म्हणजे विस्कळीत नोंदींमधून निष्कर्ष काढून तो कुणाला तरी पटेल असा मांडणं. विश्लेषकाचं काम याहून वेगळं काय असतं? आपल्याकडे असे अहवाल ज्या एफआययू-इंडियाकडे जातात, ती 2004 साली स्थापन झालेली संस्था नावानेच आर्थिक गुप्तवार्ता कक्ष आहे.

तुम्ही पत्रात लिहिलंय, की लिंक्डइनवर ही पदवी असलेले पंधरा-वीस लोक मोठ्या हुद्द्यांवर दिसले. याला उत्तर तुमच्याच अभ्यासक्रमात आहे. सीआयएमध्ये अनेक वर्षं काम केलेल्या रिचर्ड्स ह्यूअर यांनी स्पर्धक गृहीतकांची तुलना करण्याची पद्धत मांडली. सगळ्या शक्यता शेजारी शेजारी मांडायच्या आणि प्रत्येक पुराव्याला विचारायचं, हा कोणती शक्यता खोडतो? जो पुरावा सगळ्याच शक्यतांशी जुळतो, तो कितीही भारी वाटला तरी निरुपयोगी. पहिली शक्यता, पदवीने हुद्दा मिळवून दिला. दुसरी, ते आधीच लष्करात, पोलिसांत किंवा बँकेत वरच्या जागी होते आणि पदवी नंतर जोडली. तुमचे पंधरा-वीस लोक दोन्हींत चपखल बसतात. त्यांच्या प्रोफाइलवरच्या तारखा बघा. पदवीच्या आधी कुठे होते, नंतर कुठे गेले?

दुसरं काम एका रविवारचं. तुम्हाला पुढची जी जागा हवी आहे, तिच्या तीसेक जाहिराती काढा आणि वहीत रकाने पाडा: किती ठिकाणी ही पदवी मागितली आहे, किती ठिकाणी सीएएमएस (काळा पैसा पांढरा करणं रोखण्याचं) किंवा सीएफई (फसवणूक तपासण्याचं) यांसारखं प्रमाणपत्र, किती ठिकाणी एसक्यूएल (संगणकातल्या माहितीसाठ्यातून नोंदी काढायची भाषा), किती ठिकाणी नुसता अनुभव. पहिला रकाना भरला तर मला पुन्हा लिहा, मी मत बदलेन.

जाता जाता, ह्यूअर यांचं विश्लेषणाच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक सीआयएने 1999 साली काढलं आणि ते त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. दोन हजार डॉलर भरण्याआधी ते वाचून बघा. पन्नास पानांत कंटाळा आला तर हा अभ्यासक्रम तुमचा नव्हे.

कर्जाबद्दल एक महत्त्वाचं. परदेशी ऑनलाइन अभ्यासक्रमाला बऱ्याच बँका शैक्षणिक कर्ज देतच नाहीत. मंजुरीपत्रावर ‘शैक्षणिक कर्ज’ लिहिलंय की ‘वैयक्तिक कर्ज’, ते नीट वाचा. शैक्षणिक असलं तरी व्याजाची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत आणि जास्तीत जास्त 8 वर्षं. नव्या पद्धतीत शून्य. टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते त्या कराची, धास्ती मात्र नको. वर्षाला 4 विषय म्हणजे 7 लाख 20 हजार, आणि आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंत पाठवलेल्या पैशांवर तो लागत नाही.

फंडातल्या 9 लाखांना हात लावू नका. मुलगी अठराची होईल तेव्हा, 10 टक्के परतावा धरला तर, त्याचे 34 लाखांच्या आसपास होतात.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे एचआरला गाठा. अमेरिकी बँकांच्या इथल्या कार्यालयांत शिक्षणखर्च परत करण्याची योजना अनेकदा असते आणि ती कुणी विचारत नाही म्हणून पडून राहते. अटी लेखी घ्या: किती टक्के मिळतात, किती गुण लागतात, आणि नोकरी सोडली तर पैसे परत करायची मुदत किती. सीएएमएसचा खर्च साधारण दोन लाखांच्या आसपास जातो. तुमच्या कामाशी थेट संबंध असल्याने त्याला मंजुरी मिळणं सर्वांत सोपं. मग विद्यापीठाला विचारा, एकच विषय सुटा करता येतो का आणि त्याचे श्रेयांक पुढे पदवीत धरतात का. धरत असतील तर तो एक विषय कर्ज न काढता, पुढच्या बोनसमधून करा.

त्याआधी तासांच्या वेळा बघा. तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी 7 म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. ध्वनिचित्रमुद्रित तास असतील तर ठीक. विषय सोडल्यास फी किती परत मिळते तेही विचारा, सत्र सुरू झालं की हा परतावा भराभर घटतो.

निम्मी फी बँकेने उचलली, मिस्टरांची नोकरी कायम झाली आणि राखीव निधी सात लाखांवर गेला, तर वर्षाला दोन विषय या गतीने पदवी पूर्ण करायला माझी हरकत नाही. सहा वर्षं लागतील, म्हणून कमाल मुदत किती ते विद्यापीठाकडून आधी लिहून घ्या. प्रवेशाची अंतिम तारीख जवळ आली म्हणून घाईने मंजुरीपत्रावर सही करू नका. पुढच्या सत्रातही प्रवेश मिळेल, आणि तोवर मिस्टरांच्या कंत्राटाचं नूतनीकरण झालं की नाही तेही कळेल.