लेगिंग्ज आणि ट्रॅकपँटच्या घरगुती धंद्यासाठी ओव्हरलॉक मशीन ३ धाग्यांची घ्यावी, ४ की ५?

४ धाग्यांची घ्या. पण तुम्ही शेवटी लिहिलंय ना, "जास्त धागे म्हणजे जास्त मजबूत, असं दुकानदार म्हणाला", त्या वाक्यासाठी मी हे लिहायला बसले. नाहीतर दुपारी मला वेळ नसतो.

आधी नावाचा घोळ. आमच्याकडे अमळनेरला, आणि मला वाटतं सगळ्या खानदेशातच, ओव्हरलॉकला टेलर लोक इंटरलॉक म्हणतात. "पिको, फॉल, इंटरलॉक करून मिळेल" अशी पाटी गल्लोगल्ली दिसते. मशीनच्या कॅटलॉगमध्ये मात्र इंटरलॉक नावाची वेगळीच मशीन असते, टीशर्टची खालची पट्टी दुमडून दोन रेघा मारणारी, जिला कोणी फ्लॅटलॉक म्हणतं. फोनवर ऑर्डर देताना "काठ कापून गुंफणारी" असं सांगा, नाहीतर भलतीच मशीन दारात उतरेल.

३ धाग्यांत एक सुई, दोन लूपर, म्हणजे धागा गुंफणारे आकडे. साड्यांचे, ब्लाउजचे, पंजाबी ड्रेसचे काठ बांधायला उत्तम. शिवण आधी साध्या मशीनवर मारायची, ही फक्त सुतं निघू देत नाही. ४ मध्ये दोन सुया, दोन लूपर. दुसरी सुई शिवण धरून ठेवते आणि कापड ताणलं की टाकाही ताणतो, म्हणून होजिअरीला, म्हणजे लेगिंग्ज-ट्रॅकपँटच्या विणलेल्या ताणत्या कापडाला, हीच. ५ मध्ये पलीकडे साखळी टाका आणि अलीकडे ओव्हरलॉक, एकाच दमात दोन्ही. ती शर्ट, पायजमे, युनिफॉर्मच्या टेरिकॉटला छान. म्हणजे ५ ही ४ ची मोठी बहीण नव्हे, तिचं कामच वेगळं. साध्या मशीनला लावायच्या ओव्हरलॉक फूटबद्दल, म्हणजे कापड दाबणाऱ्या पायाबद्दल, विचारलंत, तर तो काठावर झिगझॅग मारतो. त्याला लूपर नसतात. धंद्याला उपयोग शून्य.

आता माझं.

२०१७ च्या पावसाळ्याआधी मला एका शाळेच्या १४० ट्रॅकपँटची ऑर्डर मिळाली. तोवर मी गाऊन आणि परकर शिवायचे, काठांना शेजारच्या टेलरकडे पाठवायचे. ओव्हरलॉक घ्यायची ठरली तेव्हा आमच्या जेठांनी सगळं अंगावर घेतलं. मोठ्या भावानं करायचं म्हणजे करायचं. सुरत आमच्या लायनीवरच, नंदुरबारवरून सरळ गाडी. ते गेले, जुनी ४ धाग्यांची मशीन पाहिली, हेड गोणपाटात बांधून रेल्वेनं आणलं, टेबल आणि मोटर मागून ट्रान्सपोर्टनं आली. मशीन चांगलीच निघाली, हे आधीच सांगते. तिच्याबरोबर विकणाऱ्यानं सुयांचं एक पाकीट फुकट दिलं होतं. "सगळ्याला चालतात." हे वाक्य मला जेठांनी सांगितलं, म्हणजे त्यांनी यांना सांगितलं आणि यांनी मला. आमच्यात जेठ भावजयीशी सरळ बोलत नाहीत. मी पदर घेऊन आत, ते ओट्यावर, आणि माझा नवरा उंबरठ्यात उभा, टपालखात्यासारखा.

मे महिना, पत्र्याची खोली, दुपारी वीज जायची म्हणून रात्री बसायचे. १४० पँट बारा रात्रींत काढल्या. शिवण इतकी देखणी बसली की मी एक पँट उलटी करून सासऱ्यांना दाखवली. सासरे प्रताप मिलमध्ये साचेखात्यात, मागांवर होते, त्यांना कापडाचं कौतुक फार. त्यांनी होजिअरी बोटांत धरून ताणली आणि म्हणाले, हे कापड नव्हे, ह्याला ताणाबाणाच नाही, हा नुसता स्वेटर आहे, एक फासा तुटला की सगळं उसवणार. मी हसले. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

जुलैत शाळेतून निरोप आला. दोन-तीन धुण्यांनंतर शिवणीच्या कडेनं बारीक भोकं पडतायत, ओळीनं, उवा बसल्यासारखी. काही पँटी गुडघ्यापर्यंत उसवलेल्या. ८३ परत आल्या. मोटारसायकलवर दोन खेपा.

ओट्यावर बैठक बसली. जेठांनी एक पँट उचलली, पाहिली, यांना म्हणाले, "तिले सांग, मशीन सोनानी शे, हात लोखंडना शे." आणि वर, बायकांनी पिको-फॉल करावं, कारखान्याच्या मशीनला हात लावू नये. मी आतून म्हटलं, त्यांना सांगा, बारा रात्री बसून दाखवा. हे त्यांनी पोचवलंच नाही. टपाल तेवढं गहाळ झालं.

मग दुसरं मत निघालं की धागे कमी पडले. ५ धाग्यांची हवी होती. गावात ज्याला त्याला हेच सुचायचं. शिवण फाटली की धागा वाढवा, पातळ वरणात पीठ वाढवावं तसं. अहो, धागा तुटलाच नव्हता! धागा शाबूत, टाका शाबूत, कापड तुटलं होतं. हे मी सांगत होते आणि कोणी ऐकत नव्हतं, कारण मी आतून सांगत होते.

धुळ्याहून एक म्हातारे मेकॅनिक चाचा यायचे, महिन्यातून एकदा. त्यांनी मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. सुई काढली, अंगठ्याच्या नखावरून ओढली, मग माझ्या धाकटीचा जुना नायलॉनचा मोजा मागितला आणि त्यात ती सुई हळू टोचली. मोज्याचा धागा तुटून शिडी पडली. दुसरी सुई खिशातल्या डबीतून काढली, टोचली, काही झालं नाही. दोन्ही सुया दिसायला बहिणी. पहिली १४ नंबरची, साध्या अणकुचीदार टोकाची. दुसरी ११ नंबरची, टोक किंचित गोल. पाकिटावर एसईएस लिहिलेलं असतं ती. टोकदार सुई विणलेल्या फाशाच्या आरपार जाते, तो कापते. शिवताना कळत नाही, कारण टाक्यानं तो धरून ठेवलेला असतो. धुतलं, ताणलं, की फासा सुटतो. गोल टोक फासा बाजूला सारून मधून जातं. बस. एवढंच होतं. सासरे बरोबर होते, फक्त त्यांनी ते मला टोमण्यासारखं सांगितलं.

चाचांनी अजून एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. हा टाका १८८१ मध्ये अमेरिकेत मेरो नावाच्या घराण्याच्या गिरणीत निघाला. त्यांचा आधी बंदुकीच्या दारूचा कारखाना होता, तो स्फोटात उडाला, मग त्यांनी १८३८ ला विणकामाची गिरणी काढली. म्हणजे ओव्हरलॉकचा जन्मच मुळी होजिअरीवाल्यांच्या घरातला. आणि आमच्याकडे दहा सुयांच्या एका फुकट पाकिटानं माझी आठ वर्षांची अब्रू गेली.

चाचांनी हे सगळं यांच्यासमोर सांगितलं. यांनी ओट्यावर नेलं. जेठ म्हणाले, सुई तर नवीन होती. नवीनच होती हो. नवीन सुरीनं पण कापतंच.

तुमच्या कामाचं सांगते. औद्योगिक ओव्हरलॉकला बहुतेक डीसी बाय २७ या प्रकारची सुई लागते, घरगुतीला वेगळी, दांड्याला एक बाजू सपाट असलेली. होजिअरीला ११, फार पातळ लायक्राला ९. मशीन मिनिटाला साडेपाच-सहा हजार टाके मारू शकते, पण लायक्रावर तेवढी पळवू नका, सुई तापते आणि धागा वितळतो. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४४ च्या वर असतो तेव्हा मी निम्म्यावर चालवते. डिफरन्शियल फीड असलेलीच घ्या. पुढचे आणि मागचे दाते वेगळ्या वेगानं कापड ओढतात, तो खटका १ च्या वर ठेवला की होजिअरीला लाटा येत नाहीत. शिवण कुरडईसारखी दिसतेय असं कोणी म्हटलं तर धाग्याच्या टेन्शनला हात लावण्याआधी हा खटका बघा.

धाग्याचा हिशेब आधी करा, इथे नवीन माणूस बुडतो. एक मीटर शिवणीला ३ धाग्यांची सुमारे १४ मीटर धागा खाते, ४ ची १८, ५ ची २०. एका ट्रॅकपँटला तीन मीटर शिवण धरली तरी ५० मीटरच्या वर गेला. दर सांगताना हे धरलं नाही तर महिनाअखेर धाग्याचे कोन रिकामे आणि हातही.

मोटर सर्व्हो घ्या. जुनी क्लच मोटर तुम्ही चहा पीत असलात तरी फिरत राहते आणि बिल येतं. सर्व्हो पाय दाबला तरच फिरते. सेकंड हँड घ्यायला हरकत नाही, माझी तीच आहे, अजून चालते. बघायला जाल तेव्हा आपलं कापड आणि आपल्या सुया घेऊन जा, त्यांच्या पॉपलीनच्या तुकड्यावर कुठलीही मशीन छान शिवते. लूपरच्या टोकावर नख फिरवा, ओरखडा लागला तर उठा.

आता थोडं माझ्याविरुद्धही लिहिते, नाहीतर कोणीतरी खाली लिहीलच. शिवताना तिसऱ्याच पँटीला मला एक भोक दिसलं होतं. मला वाटलं कापडातच दोष आहे, मी दोन टाके घालून पुढे गेले. आणि १४० शिवायच्या आधी एक शिवून, तीनदा धुवून, दोरीवर वाळवून बघायला कोणी अडवलं नव्हतं. आता मी प्रत्येक नव्या ताग्याला करते. तेव्हा घाई होती. आणि ५ धाग्यांच्या मशीनला मी वाईट म्हणत नाहीये, शाळेचे शर्ट-सलवार करायचे असतील तर तीच घ्या. गाऊन सुती असेल तर त्यालाही चालेल. फक्त लेगिंग्जला आणून मग मला विचारू नका.

एक पँट मी ठेवलीय, मशीनच्या मागच्या खिळ्याला, भोकांची. जेठ कानबाईच्या सणाला घरी आले की त्यांना ती दिसते. अजून एकदाही त्यांनी "सुई" हा शब्द उच्चारलेला नाही. ते हे वाचणार नाहीत, पण त्यांचा मोठा मुलगा दिवसभर इथेच पडलेला असतो. वाचत असशील तर बाबा, तुझ्या वडिलांना माझा निरोप सांग, यांच्यासारखा मध्ये गहाळ करू नकोस: ११ नंबर, गोल टोक, एसईएस.