सरे काउंटीतील जुन्या देवस्थानांची नावे अभ्यासताना

जुन्या देवस्थानांच्या नावांचा अभ्यास इंग्लंडमधील सरे काउंटीपासून सुरू करण्याचा तुमचा निर्णय मला मनापासून आवडला, कारण ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या, तेथे स्थायिक झालेल्या सॅक्सन या जर्मानिक लोकांच्या पूजास्थानांच्या खुणा तेथील गावांच्या नावांत अजूनही टिकून आहेत. मात्र आजच्या नकाशावरील रूपावर विसंबून अर्थ लावू नका. आधी सर्वांत जुनी नोंद शोधा. पेपर हॅरो या गावाचेच नाव घ्या. आजच्या इंग्रजीत ‘हॅरो’ म्हणजे शेतातले कुळवासारखे अवजार, आणि मीही सुरुवातीला बरेच दिवस त्याच अर्थाला धरून बसलो होतो. पण 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत, हे नाव ‘पिपेरेहेर्गे’ असे आढळते, आणि त्यातील शेवटचा भाग म्हणजे ‘हेअर्ग’, मूर्तिपूजकांचे देवस्थान, हा जुना इंग्रजी शब्द असल्याचे तेव्हा उलगडते.

सरेमधीलच फार्नहॅम या गावाचे दानपत्र तर अवश्य वाचा. वेसेक्स या सॅक्सन राज्याच्या कॅडवाला राजाने 7व्या शतकाच्या उत्तरार्धात मठ उभारण्यासाठी 60 हाइड जमीन दिली (हाइड म्हणजे एका कुटुंबाला पुरेल इतकी जमीन, असे जुने माप), आणि त्याच दानपत्रात ‘कुसानवेओह’, म्हणजे कुसाचे पूजास्थान, असे एक ठिकाण येते; ख्रिस्ती मठाच्या इनामात जुन्या देवाचे ठाणे नोंदलेले पाहून मला आजही भरून येते. हे दानपत्र नंतरच्या काळातील नकलेतून आपल्यापर्यंत आले आहे, याचे भान मात्र ठेवा.

थर्स्ली या गावाचे नाव थुनोर या मेघगर्जनेच्या देवाशी जोडले जाते. ट्यूस्ली या गावाच्या नावाबाबत सावध राहा, कारण त्यात तिव या जुन्या सॅक्सन देवाऐवजी एखाद्या माणसाचे नावही असू शकते.