एक्सेप्शन फेकावे की परत द्यावे?

प्रश्न : मी स्वतःच्या अभ्यासासाठी एक छोटी प्रोग्रामिंग भाषा तयार करीत आहे. तिच्यात एक्सेप्शनची (अडचण आली की नेहमीचा क्रम सोडून ती वरच्या हाताळणाऱ्या कोडकडे ‘फेकण्याची’) सोय ठेवावी, की फंक्शनने एरर उत्तराबरोबरच परत द्यावी? फंक्शन कोणते एक्सेप्शन फेकू शकते हे सांगणाऱ्या ‘थ्रोज’ घोषणेची जावासारखी सक्ती करावी का? शिवाय एक्सेप्शन हाताळल्यावर प्रोग्राम जिथे अडला तिथूनच पुढे चालू झाला, तर ते अधिक सोयीचे ठरणार नाही का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचा निकाल अनुभवानेच बऱ्याच अंशी लावला आहे. अडलेल्या जागी परतण्याची सोय १९६०च्या दशकातील पीएल/वनमध्ये आणि नंतर झेरॉक्सच्या मेसा भाषेत होती; एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह यांच्या गटाने घडविलेल्या क्लू भाषेत मात्र ती मुद्दाम ठेवली गेली नाही. पुढे सीप्लसप्लसच्या प्रमाणीकरण समितीत हाच वाद झाला, तेव्हा मेसाच्या अनुभवातून आलेली साक्ष परतण्याच्या विरोधात गेली आणि समितीनेही ती सोय नाकारली. अडचण अशी की, चार फंक्शने वर बसलेल्या हाताळणाऱ्याला खाली नेमके काय अर्धवट राहिले आहे हे ठाऊक नसते, आणि ते ठाऊक असावे अशी अपेक्षा केली तर फंक्शनची आतली बाब बाहेर उघडी पडते. कॉमन लिस्पने यातून सुंदर वाट काढली आहे : सावरण्याचे पर्याय खालचाच कोड मांडतो, वरचा फक्त त्यांतून निवड करतो. पहिल्याच भाषेत मात्र या वाटेला जाऊ नये.

सक्तीबद्दल माझे मत थोडे कडू आहे. फंक्शन काय फेकू शकते हे त्याच्या घोषणेत दिसावे, हा जावाचा हेतू निर्दोष होता. प्रत्यक्षात कंपायलर (कोड तपासून त्याचे भाषांतर करणारा प्रोग्राम) तक्रार करतो, काम उरकायची घाई असते, आणि प्रोग्रामर रिकामा कॅच ब्लॉक (एक्सेप्शन झेलणारा भाग) लिहून मोकळा होतो. त्यात फाइल उघडली नाही ही बातमी तिथेच गाडली जाते आणि पुढे कुठेतरी भलत्याच ओळीवर ‘नल’चे (मूल्यच नसल्याचे) एक्सेप्शन उगवते. शिवाय सर्वांत खालच्या फंक्शनने एक नवे एक्सेप्शन जाहीर केले, की वरच्या प्रत्येक घोषणेला हात लावावा लागतो. २०१४ साली जावा ८मध्ये लॅम्डा (नाव न देता जागीच लिहिलेली छोटी फंक्शने) आले, तेव्हा हा जाच अधिकच जाणवू लागला. सीशार्पने ही सक्ती सुरुवातीपासूनच टाळली.

आता आपला मूळ प्रश्न. वापरणाऱ्याने दिलेली तारीख चुकीची असणे किंवा मागितलेली नोंद न सापडणे हे रोजचेच आहे. असे अपयश परत दिलेल्या मूल्यात असावे. ॲरेच्या (क्रमाने मांडलेल्या मूल्यांच्या यादीच्या) हद्दीबाहेरचा इंडेक्स (क्रमांक) म्हणजे प्रोग्रामचे गृहीतकच मोडणे. तिथे फेकणे योग्य. गो भाषेने एरर मूल्य म्हणून परत दिली खरी, पण जवळपास प्रत्येक कॉलनंतर तीच तीन ओळींची तपासणी लिहावी लागते. रस्टमध्ये तेच काम कॉलच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह लावून होते आणि स्विफ्टमध्ये कॉलच्या आधी ‘ट्राय’ लिहून. ‘इथून बाहेर पडता येते’ हे वाचणाऱ्याला त्याच ओळीत दिसते. आपल्या भाषेत काहीही निवडले, तरी ही खूण अवश्य ठेवावी.

कोणीच न झेललेल्या एक्सेप्शनचे काय होणार, हेही भाषेच्या नियमांत लिहून ठेवावे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेटच्या दिशादर्शक प्रणालीत ६४ बिटांची फ्लोटिंग पॉइंट संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही. त्या रूपांतराला संरक्षण नव्हते आणि अशा वेळी प्रोसेसर थांबवावा, असे त्या प्रणालीचे धोरण होते. राखीव संचातही तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे दोन्ही थांबले. विशेष म्हणजे ज्या गणनेत हे घडले, तिचा उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता.

राहिली आवराआवर. फंक्शनने लॉक (सामाईक गोष्ट एका वेळी एकानेच वापरावी यासाठीचे कुलूप) घेतले आणि मध्येच एक्सेप्शन उसळले, तर ते लॉक कोण सोडणार? सीप्लसप्लसमध्ये डिस्ट्रक्टर (वस्तू नष्ट होताना आपोआप चालणारा कोड), जावामध्ये ‘फायनली’ (एक्सेप्शन आले तरी शेवटी चालणारा भाग) आणि गोमध्ये ‘डिफर’ (फंक्शन संपताना करायचे काम आधीच नोंदविणे) हे काम करतात. मी डिफरसारखी रचना निवडेन, कारण त्यात घेणे आणि सोडणे एकाखाली एक लिहिले जाते. ‘फायनली’च ठेवायचे असेल, तर त्याच्या आत ‘रिटर्न’ लिहिण्यास कंपायलरने थेट मनाई करावी. जावात ते चालते, आणि तसे लिहिल्यास मूळ एक्सेप्शन कोणताही आवाज न करता नाहीसे होते.